पाण्याचा ठाव

श्रोतेहो, लहानशा नावेवर मासे शोधण्याचें यंत्र कोणतें घ्यावें आणि तें नावेच्या कोणत्या भागीं बसवावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं एखाद्या छांदिष्टाचा वाटेल. पण नागपुरास तो परका नाहीं. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगांव, गांधीसागर, सक्करदरा हीं नांवें घेतल्यावांचून या शहराचा भूगोल सांगतां येत नाहीं. आणि शहर सोडून पूर्वेस भंडारा-गोंदियाकडे वळलें कीं तलावांची जणूं माळच लागते. कयाक नांवाची एका माणसापुरती अरुंद, हलकी नाव आतां आपल्या देशांतहि मिळते, आणि तिच्यावर बसवावयाचें मत्स्यशोधक यंत्र, ज्याला व्यवहारांत सर्रास ‘फिश फाइंडर’ म्हणतात, तेंहि बाजारांत मिळतें. दुकानदार त्याचे गुण सांगतो, किंमत सांगतो. पण हा सौदा बहुधा ‘पाण्यांत म्हैस आणि वर मोल’ या जातीचा होतो. यंत्र काय पाहतें आणि काय पाहूं शकत नाहीं, हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें केवळ पडद्याचा आकार पाहून निवड केली तर त्यांत नवल तें काय?

तें ठाऊक करून घेण्याचा सरळ मार्ग म्हणजे या यंत्राचा इतिहास. दोनशें वर्षांच्या त्या इतिहासांत एक गोष्ट पुन्हां पुन्हां पुढें येते, आणि ती म्हणजे हवा. पाण्याखालचा मासा आपणांस कळतो तो मुख्यतः त्याच्या पोटांतील हवेमुळें, आणि यंत्र आंधळें होतें तेंहि हवेमुळेंच. हें एक सूत्र हातीं धरलें म्हणजे यंत्राची निवड आणि त्याची बैठक हे दोन्ही प्रश्न पुष्कळ सोपे होतात.

प्रारंभ दोरीपासून करूं. पाण्याची खोली मोजण्याचें आपल्याकडील जुनें माप ‘वाव’. दोन्ही हात ताणून पसरले असतां एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचें अंतर म्हणजे एक वाव, सुमारें सहा फूट. दोरीला जड ओळंबा बांधून तो पाण्यांत सोडावयाचा आणि दोरी वर घेतांना वाव मोजीत जावयाचें, ही रीत जगांतील बहुतेक सर्व दर्यावर्दी लोकांना ठाऊक होती. कित्येक ठिकाणीं ओळंब्याच्या बुडाशीं खळगा ठेवून त्यांत चरबी भरीत. तिला चिकटून आलेल्या वाळूवरून वा चिखलावरून तळ कसा आहे तें समजे. अमेरिकेंतील मिसिसिपी नदीवर दोन वाव पाणी असल्याची जी आरोळी देत, तीच पुढें ‘मार्क ट्वेन’ या नांवानें साहित्यांत अजरामर झाली.

उथळ पाण्यांत ही दोरी अगदीं भरंवशाची. पण खोल समुद्रांत तिचा निभाव लागेना. ‘चॅलेंजर’ नांवाचें इंग्रजी जहाज १८७२ पासून १८७६ पर्यंत जगांतील महासागरांत हिंडलें, आणि इतक्या दीर्घ प्रवासांत त्यावरील शास्त्रज्ञांना खोल समुद्राचीं अवघीं ४९२ मापें घेतां आलीं. एकेका मापासाठीं जहाज थांबवून तासन् तास दोर सोडावा आणि ओढावा लागे. दोरीपेक्षां चपळ असा दूत हवा होता.

तो दूत कोण, याचें उत्तर स्वित्झर्लंडमधील जिनीव्हाच्या सरोवरांत १८२६ सालींच मिळालें होतें. कोलादों आणि स्टुर्म या दोघांनीं एका होडीखालीं पाण्यांत घंटा टांगली. घंटा वाजविण्याच्या क्षणींच होडीवर बंदुकीची दारू पेटे. सुमारें साडेतेरा किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या होडींतील निरीक्षक तो उजेड पाही, आणि पाण्यांत बुडविलेल्या लांब कर्ण्याला कान लावून घंटेचा नाद येईपर्यंतचा काळ मोजी. तो काळ नऊ सेकंदांहून थोडा अधिक भरला. त्यावरून पाण्यांत ध्वनि सेकंदाला सुमारें १,४३५ मीटर जातो असें निघालें. म्हणजे हवेंतील वेगाच्या चौपटीहूनहि अधिक. हिशेबासाठीं आपण १,५०० मीटर धरूं. तळ पंधरा मीटरांवर असेल तर ध्वनीला जाऊन येण्यास तीस मीटर चालावें लागतें, आणि तेवढें अंतर तो एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत तोडतो. असा सूक्ष्म काळ बिनचूक मोजणारें साधन मात्र त्या वेळीं नव्हतें.

पुढची चालना एका भीषण अपघातानें दिली. १९१२ च्या एप्रिल महिन्यांत ‘टायटॅनिक’ हें जहाज हिमनगावर आपटून बुडालें. हिमनग दुरून ओळखण्यासाठीं ध्वनीचा उपयोग करावा या विचारानें जर्मनींत अलेक्झांडर बेम यानें प्रयोग आरंभिले. हिमनगाकडून त्याला चांगला प्रतिध्वनि मिळाला नाहीं. पण समुद्राच्या तळाकडून मिळाला, आणि १९१३ सालीं त्यानें खोली मोजण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. अमेरिकेंत रेजिनाल्ड फेसेंडन यानें १९१४ सालीं विजेवर चालणाऱ्या आपल्या कंपकानें हिमनग आणि तळ या दोहोंचेहि प्रतिध्वनि ऐकले. इतक्यांत पहिलें महायुद्ध पेटलें आणि पाणबुड्यांच्या भयानें या विद्येला सरकारी आश्रय मिळाला. फ्रान्समध्यें पॉल लांजव्हँ यानें गारेच्या स्फटिकाच्या चकत्या पोलादी पत्र्यांत धरून त्यांतून मनुष्याच्या कानाला ऐकूं न येणारा, म्हणजे श्रवणातीत ध्वनि उत्पन्न केला. स्फटिक दाबला असतां त्यांत विद्युत् उत्पन्न होते, हा शोध प्येर आणि झाक क्युरी या बंधूंनीं १८८० सालीं लावला होता. उलटपक्षीं स्फटिकाला विद्युत् दिली कीं तो कांपूं लागतो. आजच्या मत्स्यशोधकाचा जो भाग पाण्याकडे तोंड करून बसतो, ज्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात, तो या लांजव्हँच्या कंपकाचाच वंशज होय. एकच चकती बोलते आणि तीच ऐकते.

युद्धानंतर या यंत्राचें सामर्थ्य प्रत्ययास आलें. ‘मीटिऑर’ या जर्मन जहाजानें १९२५ ते १९२७ या काळांत दक्षिण अटलांटिक महासागरांत ध्वनीच्या साह्यानें सदुसष्ट हजारांहून अधिक मापें घेतलीं. कोठें ४९२ आणि कोठें सदुसष्ट हजार!

पण यांत मासा कोठें आला? तो आला आगंतुकासारखा. तळाची रेघ काढणाऱ्या यंत्रांत तळाच्या वरती मधूनच कांहीं डाग उमटत. जपानमध्यें किमुरा या संशोधकानें १९२९ सालीं मासे पाळण्याच्या तळ्यांत ध्वनीचा झोत सोडून, मासे आडवे आले असतां त्याच्या जोरांत पडणारा फरक नोंदला. तलावांच्या प्रदेशांत राहणाऱ्या आपणांस हें विशेष वाटावें कीं, माशांच्या ध्वनिशोधाचा हा आरंभींचा प्रयोग महासागरांत नव्हे, तळ्यांत झाला. नॉर्वेच्या ऑस्कार सुंद यानें लोफोटेन बेटांपाशीं कॉड माशांच्या थव्यांचीं कागदावर उमटलेलीं चित्रें १९३५ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत छापलीं. इंग्लंडमधील रोनल्ड बॉल्स नांवाच्या तांडेलानें १९३३ पासून आपल्या मासेमारी नौकेवर प्रतिध्वनियंत्र वापरून, कागदावरचा कोणता डाग हेरिंगच्या थव्याचा, हें जाळ्यांतील माशांशीं ताडून पाहण्यास आरंभ केला. शास्त्रज्ञ आणि तांडेल एकाच निष्कर्षास दोन वाटांनीं पोचले.

आपलें नागपूरचें नभोवाणी केंद्र ज्या १९४८ सालीं सुरू झालें, त्याच सालीं जपानांतील नागासाकी प्रांतांत फुरुनो बंधूंनीं केवळ मासे शोधण्यासाठीं म्हणून बनविलेलें यंत्र व्यवहारांत आणलें. हे बंधु मूळचे रेडिओ आणि नौकांवरील विजेचीं कामें करणारे. बुडबुडे जेथें अधिक तेथें मासळी अधिक, असें कोळ्यांकडून त्यांच्या कानीं आलें होतें. बुडबुडा म्हणजे हवा. आणि हवेवरून ध्वनि परततो. मग माशाचा शोध ध्वनीनें कां लागूं नये, असा त्यांनीं तर्क केला आणि युद्धांतून उरलेल्या सामानावर प्रयोग चालविले. कोळ्यांचा प्रारंभीं विश्वास बसेना. पण जाळीं भरूं लागलीं तेव्हां तो बसला. या शोधाची पहिली ठिणगी कोळ्यांच्या अनुभवांतून पडली, हें विसरतां कामा नये.

आतां त्या हवेचें मर्म पाहूं. ध्वनि एका पदार्थांतून दुसऱ्या पदार्थांत जातांना, त्या दोहोंच्या घनतेंत आणि ध्वनिवेगांत जितका फरक अधिक तितका तो अधिक प्रमाणांत मागें फिरतो. माशाचें मांस जवळजवळ पाण्यासारखेंच असल्यामुळें त्यांतून ध्वनि सहज आरपार जातो. परंतु पुष्कळ माशांच्या पोटांत हवेनें भरलेली एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. तिच्या योगानें मासा पाण्यांत हव्या त्या खोलीवर तरंगून राहतो. ज्या माशांना ती असते त्यांच्याकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्या पिशवीचा असतो, असें संशोधकांनीं मोजलें आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर घोळ माशाची हीच पिशवी ‘भोत’ या नांवानें वाळवून फार मोठ्या किमतीस विकली जाते. आमच्या तलावांतील रोहू, कटला, मृगळ आणि मरळ यांनाहि वाताशय असतें, म्हणून ते यंत्रास चांगले दिसतात. मुशी आणि पाकट यांना तें नसतें, म्हणून तीं अंगानें मोठीं असूनहि फिकीं दिसतात. यंत्र मासा पाहत नाहीं. माशांतली हवा पाहतें.

समुद्रावरचें हें यंत्र लहान नावेंत आलें तें अमेरिकेंत. तेथील लॉरन्स कुटुंबानें १९५० नंतरच्या दशकांत ट्रान्झिस्टरचा उपयोग करून गोड्या पाण्यांतील गळकऱ्यांसाठीं उचलून नेतां येईल असें यंत्र काढलें. हिरव्या पेटीमुळें तें लोकांत प्रसिद्ध झालें. कयाकचा इतिहास त्याहून कितीतरी जुना आहे. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक लांकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ही नाव करीत आणि तींतून शिकार करीत. स्कॉटिश वकील जॉन मॅग्रेगर यानें १८६५ सालीं ‘रॉब रॉय’ नांवाच्या अशाच घडणीच्या नावेंतून युरोपांतील नद्या-सरोवरांचा प्रवास केला आणि तिला सुशिक्षित समाजांत छंदाचें स्थान मिळवून दिलें. आजच्या कयाक बहुधा पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकच्या असतात. नावेचा पदार्थ कोणता, हें यंत्र बसवितांना महत्त्वाचें ठरतें, म्हणून एवढें सांगितलें.

प्रथम निवडीविषयीं. ट्रान्सड्यूसरमधून ध्वनि शंकूच्या आकारानें खालीं पसरतो. स्वर उंच, म्हणजे २०० किलोहर्ट्‌झच्या आसपास असेल तर शंकु अरुंद, साधारण वीस अंशांचा असतो. ८३ किलोहर्ट्‌झचा स्वर घेतला तर तो सुमारें साठ अंशांपर्यंत रुंदावतो. ५० किलोहर्ट्‌झचा खर्ज खोल समुद्रासाठीं. आतां साधें गणित करूं. दहा फूट पाण्यांत वीस अंशांचा शंकु तळावर अवघा साडेतीन फूट व्यासाचें वर्तुळ व्यापतो. साठ अंशांचा शंकु सुमारें साडेअकरा फूट. म्हणजे उथळ तलावांत यंत्राला नावेखालचेंच तेवढें दिसतें, आणि नाव डोक्यावर आली कीं सावध मासा बाजूला सरकतो. तेव्हां आपल्या तलावांसाठीं खोल समुद्राच्या शक्तीचें महागडें यंत्र घेण्यांत अर्थ नाहीं. दोन्ही शंकु देणारें, उन्हांत स्पष्ट दिसणारा पडदा असलेलें, थोडी वीज खाणारें साधें यंत्र पुरे. ‘चर्प’ नांवाचा प्रकार मिळाल्यास उत्तम. त्यांत यंत्र एकाच पट्टींत न बोलतां खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चढत जातें, त्यामुळें जवळजवळ असलेले दोन मासे निरनिराळे दिसतात. अर्धा अँपियर घेणारें यंत्र बारा व्होल्टच्या सात अँपियर-तासांच्या बॅटरीवर एक दिवस सुखानें चालतें.

आतां बैठकीविषयीं, आणि येथें हवा पुन्हां आडवी येते. माशांतली हवा ज्या कारणानें ध्वनि परतविते, त्याच कारणानें ट्रान्सड्यूसर आणि पाणी यांच्यामध्यें अडकलेला हवेचा पातळ थरहि तो परतवितो. बसविण्याच्या रीती मुख्यतः तीन. पहिली, नावेच्या काठाला दांडा अडकवून ट्रान्सड्यूसर थेट पाण्यांत सोडणें. यांत ध्वनीला अडथळा नाहीं आणि नावेला छिद्रहि पाडावें लागत नाहीं; मात्र जलपर्णी आणि शेवाळ त्यांत गुंततें, म्हणून दांडा झटकन वर घेतां आला पाहिजे. दुसरी, कांहीं नावांना पाणी वाहून जाण्यासाठीं तळांत जें आरपार छिद्र असतें त्याच्या खालच्या तोंडाशीं तो बसविणें. यांत नाव खडकाळ काठावरून ओढतांना तो घासला जाण्याचें भय. तिसरी, नावेच्या आंतूनच तळावर बसवून ध्वनि प्लॅस्टिकमधून पाठविणें. ही रीत सुटसुटीत खरी. पण तळ एकसंध प्लॅस्टिकचा असावा आणि मध्यें एकहि बुडबुडा नसावा. पॉलिएथिलीनला डिंक नीट धरत नाहीं, म्हणून ट्रान्सड्यूसर नावांसाठीं मिळणाऱ्या मऊ लांबीच्या जाड थरांत फिरवीत दाबावा, म्हणजे हवा बाहेर पडते. या रीतींत यंत्राचा उष्णतामापक पाण्याऐवजीं नावेच्या तळाची उष्णता दाखवितो, आणि बाजूचीं वा तळाचीं बारीक चित्रें काढणारीं महाग यंत्रें आंतून नीट चालत नाहींत, हेंहि ध्यानांत असावें. धीवर बांधवांच्या लांकडी डोंग्यांत तर ही रीत चालतच नाहीं. कारण लांकडाच्या रंध्रारंध्रांत हवा असते. तेथें काठावरचा दांडाच बरा.

जागा कोणतीहि घ्या, ती सदैव पाण्याखालीं राहणारी, सपाट आणि मध्याच्या थोडी मागें असावी. नावेचें नाक लाटेवर आपटून बुडबुडे करतें, तेथें ती नको. पडदा हाताच्या टप्प्यांत, पण वल्ह्याच्या फेऱ्याबाहेर असावा. बॅटरीजवळ फ्यूज अवश्य असावा. यंत्र जी खोली सांगतें ती ट्रान्सड्यूसरपासूनची. तो पाण्यांत जितका बुडालेला असेल तितकें माप त्यांत मिळवावें. आणि कायमचें चिकटविण्यापूर्वीं पाण्यानें भरलेल्या पातळ पिशवीवर ट्रान्सड्यूसर ठेवून एकदां खोली पाहावी, मग त्याच जागीं दोरी-ओळंबा सोडून ती ताडून पाहावी. दोरी खोटें सांगत नाहीं. अंगांत तरंगजाकीट घातल्यावांचून मात्र यांतलें कांहींच करूं नये.

पडदा वाचणें हीहि एक लिपीच आहे. उजवी कड म्हणजे आत्तांचा क्षण. डावीकडे सरकतें तें गतकालाचें. नाव माशावरून जातांना तो आधीं दूर, मग जवळ, मग पुन्हां दूर होतो, म्हणून कमान उमटते. नाव उभी असेल तर त्याच माशाची लांब रेघ दिसते. तळ खडकाळ असेल तर रेघ ठळक येते आणि तिच्याखालीं दुप्पट खोलीवर दुसरी पुसट रेघहि उमटते. गाळ असेल तर प्रतिध्वनि मंद येतो. उंच स्वर गाळाच्या माथ्यावरूनच परततो, खर्ज कांहींसा आंत शिरतो.

या शेवटच्या वाक्यांत, श्रोतेहो, माझ्या मतें या यंत्राचा आपणांस खरा उपयोग दडलेला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील जुने तलाव गोंड राजवटींत कोहळी शेतकऱ्यांनीं आणि इतरांनीं बांधले. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांचें काम म्हणून सांगतात. त्या काळीं ना यंत्र होतें ना नकाशा. तरी उतार कोठें, पाणी कोठें थांबेल, हें त्यांना उमगलें होतें. पुढें हे तलाव मालगुजारांकडे गेले, आणि १९५१ सालीं मालगुजारी नष्ट झाल्यावर ते सरकारकडे आले. जमीनदारी गेली हें योग्यच झालें. पण वर्षानुवर्षें गाळ काढण्याची, पाळ राखण्याची जी गांवकीची वहिवाट होती तीहि पुष्कळ ठिकाणीं तिच्याबरोबर ढिली पडली. तलाव उथळ होत गेले, आणि ज्यांचें पोट त्या पाण्यावर होतें त्या धीवर समाजाच्या जाळ्यांतील मासळी घटली. शहरांतहि तोच प्रश्न आहे. २३ सप्टेंबर १९२३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरांतील कित्येक वस्त्यांत पाणी शिरलें. ज्या तलावाच्या काठीं आपण राहतों त्याच्या पोटांत पाणी किती आणि गाळ किती, हा केवळ छांदिष्टाचा प्रश्न राहिलेला नाहीं.

एक कयाक, एक साधें यंत्र आणि स्थान नोंदणारें जी.पी.एस. एवढ्या सामग्रीनें तलावाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत समांतर फेऱ्या घातल्या, तर त्याच्या तळाचा नकाशा तयार होऊं शकतो. दरवर्षीं उन्हाळ्यापूर्वीं तोच नकाशा पुन्हां काढला तर गाळ कोठें आणि किती चढला हें दिसेल. १९१७ च्या नव्हे, २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेसारख्या कामांना अशा मापांची जोड मिळाली तर खणणें आंधळेपणानें होणार नाहीं. त्यासाठीं महाविद्यालयांतील तरुणांनीं पुढें यावें. आणि तलावावर मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेची संमति घेऊन, तिच्यांतील अनुभवी धीवराला नावेंत बरोबर घेऊनच जावें. पडद्यावरील डागाला नांव देण्याचें ज्ञान त्याच्याजवळ आहे.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. समुद्रावर यंत्रानें मासा शोधावा, प्रखर दिव्यांनीं तो जमवावा आणि मोठ्या जाळ्यांनीं थवेच्या थवे उपसावे, अशी चढाओढ लागली, तेव्हां महाराष्ट्र शासनाला २०१६ सालीं पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले आणि केंद्र सरकारला २०१७ सालीं एल.ई.डी. दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. समुद्राची ही गत, तर तळ्याची काय कथा? तळ्यांतील मासा पळून पळून जाणार कोठें? जें यंत्र पाण्याचा ठाव सांगतें तें आपल्या लोभाचा ठाव सांगत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच घ्यावयाचा असतो. तलावाची खोली राखली तर मासे शोधावे लागणार नाहींत. आणि ती राखली नाहीं, तर शोधण्यासाठीं कांहीं उरणारहि नाहीं.